खोडेबाईंनी लिहिलेली नावं

अनसूयाबाई खोडे यांच्याइतकी भित्री बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. सौंसरच्या मुलींच्या मराठी शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. मी पांढुर्ण्याची. परक्या गावात मुलीने एकटं राहणं माझ्या वडिलांना पसंत नव्हतं, म्हणून त्यांनी मला बाईंच्या दोन खोल्यांत त्यांच्या सोबतीला ठेवलं. आठवडा झाला नाही तोच माझ्या लक्षात आलं, की सोबतीची गरज मला नव्हती, त्यांना होती.

त्यांना कुत्र्यांचं भय होतं, मोकळ्या बैलाचं होतं, विजेचं होतं, खाकी कपड्यातल्या कोणाचंही होतं. पोस्टमन दारात आला तरी त्या आधी खिडकीतून बघत. रस्त्याने भिंतीला खेटून चालत, त्यामुळे लुगड्याला एका बाजूने नेहमी चुना लागलेला असे. शाळा तपासायला साहेब आले की त्यांच्या हातातला खडू मोडायचा. हे त्यांना ठाऊक असल्यामुळे तपासणीच्या दिवशी त्या पदराच्या टोकाला दोन खडू जास्तीचे बांधून आणत.

आणि या भित्रेपणाची त्यांना लाज नव्हती. "मले भेव लागून राहिलं वं सुमन," असं त्या इतक्या सहज म्हणत की जणू तहान लागली आहे. कशाचं, असं मी विचारलं की म्हणत, "ते का सांगता येते? लागते बाप्पा."

लहानपणीच त्यांचं कुंकू गेलं होतं. वडील बोरगावचे शेतकरी. त्यांनी मुलीला सासरी न ठेवता नागपूरला शिकायला पाठवलं होतं. एवढंच मला माहीत. बाकीचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्यांचं अक्षर. बोलताना त्यांचा हात कापे, पाण्याचा गडवा धरताना कापे, पण टाकाचं टोक कागदाला टेकलं की हात थांबे. मोत्यासारखं गोल, सरळ अक्षर. तहसील कचेरीतले लोकसुद्धा काही चांगलं लिहून हवं असलं की शाळेत निरोप धाडत. त्या अक्षरानेच त्यांना सगळ्या भानगडीत ओढलं.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि पहिली मोठी निवडणूक यायची होती. प्रत्येक मोठ्या माणसाला मत, बाईलासुद्धा, असं ठरलं होतं. मतदारांच्या याद्या करायला पटवारी आणि मुलांच्या शाळेतले एक मास्तर घरोघर फिरले. ती यादी स्वच्छ उतरवून काढायला बाईंकडे आली. दुपारी शाळा सुटल्यावर त्या लिहीत बसल्या होत्या. मी वह्या तपासत होते. त्यांनी एकदम टाक खाली ठेवला.

"सुमन, हे पाय."

मी वाकून पाहिलं. गणपत वल्द सदाशिव. त्याच्याखाली, गणपतची बायको. त्याच्याखाली, गणपतची आई. पुढच्या घरी, लक्ष्मणची सून. पानामागून पान असंच. बायकांची नावंच नव्हती.

"इतक्या बाया," त्या म्हणाल्या, "अन् एकीलेबी नाव नाई."

पंधरा दिवसांत वरून हुकूम आला, की जिचं स्वतःचं नाव नसेल ती यादीतून वगळायची. नायब तहसीलदार जबलपूरकडचे होते, सज्जन, पण नियमाचे. ते म्हणाले, पुरुषांना बायका नावं सांगत नाहीत, तेव्हा कोणी बाई द्या. शाळेने खोडेबाईंचं नाव कळवलं. बाई नाही म्हणायला म्हणून कचेरीत गेल्या आणि हो म्हणून परत आल्या.

"असं काहून केलं?" मी विचारलं.

"नाई म्हनाले लय बोला लागलं असतं," त्या म्हणाल्या. "साहेबासमोर इतका वेळ कोन उभं राहीन?"

मग संध्याकाळी पाचपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघी घरोघर हिंडू लागलो. मला त्या कुत्र्यांसाठी बरोबर नेत. दारातले पुरुष तुटकपणे बोलत. "आमच्या बाईचं नाव सरकारले काहून पायजे?" आतल्या बायका तर त्याहून घाबरलेल्या. कोणी म्हणे, नाव लिहिलं की लढाईवर नेतात. कोणी म्हणे, घरावर पट्टी बसते. एका सुनेने मला कानात सांगितलं, की नाव कागदावर गेलं की नवऱ्याला अपमृत्यू येतो.

बाई त्यांना समजावून सांगत नसत. उंबऱ्यात बसत आणि म्हणत, "मलेबी लय भेव लागते माय. मी तं तुमच्या दारातल्या कुत्र्यालेबी भ्याली." बायका हसत. मग बाई विचारत, "तुमची आई तुमाले काय म्हने?" सासरचं नाव नको, नवऱ्याचं नाव नको. आई काय म्हणायची तेवढंच. त्यावर मात्र प्रत्येकीकडे काही ना काही असायचं. ठगी. सयत्रा. कौतिका. बनी. काही जणी ते नाव बोलताना इतक्या लाजत की तोंडात पदर धरत.

रेल्वे फाटकापलीकडे, छोट्या लाईनच्या रुळांच्या बाजूला मजुरांची वस्ती होती. तिथली एक म्हातारी काही केल्या नाव सांगेना. ती लपवत होती असं नव्हतं, तिला आठवतच नव्हतं. लग्न झालं तेव्हा ती पाळण्यातून नुकती उतरली होती, आणि तेव्हापासून कोणी तिला नावाने हाक मारली नव्हती. सुना हसू लागल्या. म्हातारी रडू लागली. बाईंनी ती जागा कोरी ठेवली. चार दिवसांनी एक पोरगी शाळेच्या खिडकीशी येऊन ओरडली, "बाई, आजी म्हने मले पार्बता म्हनत!" बाईंनी वर्ग थांबवला, टाक घेतला आणि ते नाव आधी लिहिलं.

यादी लागली, आणि मग खरी भीती सुरू झाली.

गावात रायभानजी म्हणून मोठे मालगुजार, म्हणजे जमीनदार, होते. मालगुजारी कायद्याने जायच्या बेतात होती, पण रुबाब गेला नव्हता. बोरगावच्या वाटेवर त्यांचं कापसाचं जिनिंग होतं, आणि वस्तीतल्या बहुतेक बाया तिथेच कामाला होत्या. निवडणुकीला त्यांचा भाचा उभा राहायचा होता. वस्ती त्याला मत देणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पुरुषांची नावं काढणं सोपं नव्हतं, ते भांडायला येत. बायांची काढता येत. रायभानजींच्या माणसांनी वस्तीतल्या चाळीसेक बायांवर हरकती टाकल्या, की या इथल्या नाहीत, हंगामापुरत्या आल्यात.

एके दिवशी मधल्या सुट्टीत रायभानजी स्वतः शाळेत आले. बाईंच्याच खुर्चीवर बसले. बाई उभ्या. मी दाराशी.

"मास्तरीणबाई, तुमी आमच्या बोरगावच्या," ते फार मऊ बोलत. "तुमचे वडील चांगला मानूस होते. सुनावणीले तुमाले बोलावतीन. तुमी इतकंच म्हना, का या बाया इथल्या का बाहेरच्या, मले पक्कं ठाऊक नाई. झालं. नाई तं तुमची बदली कुठं जंगलात झाली तं आमाले वाईट वाटन. एकटी बाई. लोक काहीबी बोलतेत."

बाईंनी त्यांना द्यायला पाण्याचा पेला उचलला होता. त्यातलं अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. रायभानजी ते बघत राहिले, मग हसले आणि उठून गेले. बाई फक्त "बरं" एवढंच म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या भिंतीवर कोळशाने काही लिहिलेलं होतं. बाईंबद्दल. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुली यायच्या आत बाईंनी ओल्या फडक्याने ते पुसलं. पुसता पुसता त्यांचा हात थांबला आणि त्या नुसत्या त्या अक्षराकडे बघत राहिल्या.

"काय झालं?"

"अक्षर ओळखू आलं वं," त्या म्हणाल्या. कोणाचं ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून गावात कोणीही समोरून आलं की मला वाटे, हाच असेल का? नमस्कार करणाऱ्या प्रत्येकाची भीती वाटू लागली. बाईंनी जेवण जवळजवळ सोडलं. मी त्यांना म्हटलं, आजारी असल्याचं सांगा. त्या म्हणाल्या, "हाव, तसंच सांगतो."

पण सुनावणीच्या दिवशी त्या गेल्या. कचेरीच्या मागे कडुनिंबाखाली त्यांना उलटी झाली. तोंड धुऊन, पदर सावरून आत गेल्या. आत बाकं रिकामी. वस्तीतली एकही बाई आली नव्हती.

नायब तहसीलदार म्हणाले, "बाई, जिनके ख़िलाफ़ हरकत है, वो ख़ुद हाज़िर हों तो नाम रहेगा. नहीं आएँगी तो मैं क्या करूँ?"

"किती वाजेपर्यंत, साहेब?"

"पाँच बजे तक बैठा हूँ."

बाहेर आल्यावर कळलं, की बाया पहाटेच जिनिंगमध्ये गेल्या होत्या आणि फाटक आतून बंद होतं. काम खूप आहे, आज संध्याकाळशिवाय कोणाला सोडायचं नाही, असा मालकाचा हुकूम.

आम्ही चालत निघालो. वाटेत दोनदा मी म्हटलं, "बाई, परत जाऊ." दोन्ही वेळा त्या "हाव, जाऊ" म्हणाल्या आणि चालत राहिल्या. जिनिंगचं फाटक पत्र्याचं, उंच. बाजूला साखळीला बांधलेलं कुत्रं. आम्हाला पाहून ते जे उसळलं, की बाई माझ्या मागे लपल्या. दरवानाने फटीतून सांगितलं, "सांजच्या पयले उघडत नाई. मालकानं सांगतलं."

आतून इंजिनाचा धडधडाट येत होता. हाक मारली तरी कोणाला ऐकू गेली नसती.

"जेवनाच्या सुट्टीत इंजिन बंद करतेत," बाई म्हणाल्या. "तवरोक थांबू."

आम्ही उन्हात उभ्या राहिलो. मागे कापसाने भरलेल्या बैलबंड्या येऊन थांबू लागल्या. गाडीवान आमच्याकडे बघत होते. एक माणूस सायकलवरून गेला, थोडं पुढे जाऊन उतरला आणि आमच्याकडे बघून परत गावाकडे वळला. तो रायभानजींना निरोप द्यायला गेला हे आम्हा दोघींना समजलं.

"सुमन, माया हात धर. लय भेव लागून राहिलं."

मी हात धरला. त्यांची नखं माझ्या तळव्यात रुतली. मग इंजिन थांबलं. कान बधिर झाल्यासारखी शांतता पसरली. बाईंनी पदराखालून यादीची नक्कल काढली आणि वर्गात काढतात तसा आवाज काढला.

"चंद्रभागा!"

काही नाही.

"चंद्रभागा!"

आत कोणीतरी खुदकन हसलं. बाईंनी पुढचं नाव घेतलं. "ठगी!" मग पुढचं. "सयत्रा! कौतिका!" आवाज चिरका झाला होता, मध्येच फुटत होता. भर रस्त्यावर, पुरुषांसमोर, कोणी या बायांची नावं अशी कधी घेतली नव्हती. पाचव्या की सहाव्या नावाला आतून, पत्र्याच्या अगदी जवळून आवाज आला.

"हाव बाई! मी आहो!"

मग दुसरी. मग लांबून तिसरी. मुनीम धावत आला आणि फटीतून ओरडला, "बाई, हा काय तमाशा लावला?"

"तमाशा नाई," बाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोट कागदावरून हललं नाही. "हाजरी घेऊन राहिली. तुमी मधात बोलू नोका. मी चुकन."

मागे बंड्यांची रांग लागली होती, बैल उन्हात तापले होते. गाडीवानांनी आरडाओरडा सुरू केला, की आमचा कापूस आत घ्या, फाटक उघडा. शेवटी मुनीमाला ते उघडावं लागलं. बंड्या आत जात होत्या आणि त्यांच्या मधून, केसांत कापसाचे धागे अडकलेल्या बाया बाहेर येत होत्या. सगळ्या नाहीत. निम्म्याहून थोड्या जास्त. उरलेल्या आत उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. म्हातारी पार्बता तर वस्तीतच होती. तिला चंद्रभागेच्या मुलाने पाठुंगळी घेऊन आणलं.

कचेरीत प्रत्येकीने नाव सांगितलं. सयत्राची वाचाच बसली. बाई तिच्यासाठी बोलायला गेल्या तर साहेब म्हणाले, "ख़ुद बोलने दो." सगळे थांबलो. शेवटी ती इतक्या हळू बोलली की साहेबांना पुढे वाकावं लागलं. नाव राहिलं. ज्या आतच थांबल्या होत्या त्यांची गेली.

मला वाटलं आपण जिंकलो. पण बाहेर आलेल्या एकीलाही दुसऱ्या दिवशी जिनिंगने कामावर घेतलं नाही.

चंद्रभागा शाळेच्या दाराशी आली. भांडायला नाही, ते एक वेळ बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "बाई, तुमी हाजरी घेतली. आता काम कोन देईन?"

बाईंना इतकं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, फाटकासमोरही नाही. पुढचे कितीतरी दिवस शाळा सुटली की त्या संत्र्याच्या बगिच्यांतून हिंडत, ज्यांच्या दारात पाय ठेवायची त्यांना भीती वाटे अशा शेतकऱ्यांसमोर उभ्या राहून तोडणीला बाया घ्या म्हणत. काहींनी घेतल्या. सगळ्यांना नाही मिळालं काम. दोन घरं गाव सोडून गेली. त्या दिवसाचा विषय निघाला की लोक बाईंचं कौतुक करत, आणि बाई उठून आत जात. एकदा मला म्हणाल्या, "म्या त्याइले पयले सांगाले पायजे होतं, का काम जाईन म्हनून. म्या सांगतलं नाई. मले भेव वाटलं का मंग त्या येनार नाईत."

मतदान आमच्याच शाळेत झालं. बायकांसाठी वेगळी खोली, आत पडदा, पडद्यामागे उमेदवारांच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर चिन्ह. बाई बोटाला शाई लावायला बसल्या होत्या. दुपारी पडदा लावलेल्या बंडीतून रायभानजींच्या आईसाहेब आल्या. त्यांना रस्त्यावर कोणी कधी पाहिलं नव्हतं. बोट पुढे करताना त्या पुटपुटल्या, "आतमंदी कोनी पायते का?"

"कोनीच नाई," बाई तितक्याच हळू म्हणाल्या. "मीबी नाई."

आईसाहेब आत गेल्या आणि इतका वेळ आत राहिल्या, की बाहेर बसलेला त्यांचा माणूस खाकरू लागला. मग त्या आल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि निघून गेल्या. त्यांनी कागद कोणत्या पेटीत टाकला ते कोणालाच कधी कळलं नाही.

भाचा निवडून आला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बाईंची बदली पांढुर्ण्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी झाली. एकशिक्षकी शाळा, संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर माणूस नाही. एकटीने राहायचं. बंडीत बसताना त्यांनी मला विचारलं, "तिथं कुत्रे असतीन का वं?" मी नाही म्हटलं. खोटं बोलले, हे दोघींना माहीत होतं.

मग माझं लग्न झालं आणि मी पांढुर्ण्याला परत आले. काही वर्षांनी प्रांतांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळला गेली. आमच्या ओळखीचे कितीतरी मराठी मास्तर नागपूरकडे निघून गेले. इथे मराठी शाळांचं काय होईल, आपल्याला कोण विचारील, अशी धास्ती घराघरांत होती. बाईंनाही नागपुरात चुलत भावाने बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. का, ते बाजारात भेटल्या तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "तिकडचे साहेब कसे असतीन काय माहीत. इकडच्याइले भ्याची सवय तं झाली."

पुढच्या निवडणुकीआधी याद्या हिंदीत निघाल्या. उतरवणारे लांबून आलेले. त्यांना आमची नावं समजत नसत. कौतिकाची कौशल्या झाली, बनीची बानो झाली, ठगी हे नाव असू शकतं यावर तर कोणाचा विश्वासच बसेना.

त्याच दिवसांत मी माझ्या लहान मुलाला घेऊन सौंसरला निघाले होते. बसमध्ये खिडकीशी बसले होते. समोर पांढुर्ण्याच्या कचेरीची भिंत, तिच्यावर यादीचे कागद चिकटवलेले, आणि त्यांच्यासमोर खोडेबाई. केस पांढरे झाले होते. मागे वीस-पंचवीस बाया गोळा होऊन उभ्या होत्या, डोंगराकडच्या असाव्यात, कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या डोक्यावर टोपली. बाजूला खाकीतला शिपाई त्यांना हटकत होता. बाईंचे खांदे थरथरत होते, मला इतक्या लांबूनही दिसत होतं. एकेक बाई त्यांच्या कानाशी आपलं नाव सांगे, आणि बाईंचं बोट कागदावरून एकेक ओळ खाली सरके.

मी हाक मारली. "बाई! खोडेबाई!"

त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मोकळा हात उचलून थांब अशी खूण केली. पण मान वळवली नाही, बोटाखालची ओळ सुटली असती. बस निघाली.